शेजारून आणलेले विरजण
बंद पडलेला कॅमेरा आणि फर्मवेअरची पाऊणशे वर्षे

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर २१ ऑगस्टला राज्य सरकारने शासन निर्णय काढला. खासगी शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची, असे त्यात सांगितले होते. कॅमेरे आले, भिंतींवर चढले. पण कॅमेरा हा खडू-फळ्यासारखा नाही. तो आजारी पडतो. आणि त्याचा सर्वांत चमत्कारिक आजार असा, की त्याला 'सुधारायला' गेले की तो मरतो.

कॅमेरा बनवणारी कंपनी अधूनमधून त्याच्यासाठी नवी आज्ञावली देते. ती चढवताना वीज गेली, वायर निसटली किंवा चुकीची फाइल निवडली गेली, की कॅमेरा मुका होतो. भिंगाला तडा नाही, काही जळलेले नाही, आत वीजही पोचते आहे. पण चित्र नाही. इंग्रजीत अशा यंत्राची 'वीट झाली' असे म्हणतात. दुकानदार सांगतो, "नवा घ्या."

पुष्कळदा नवा घ्यावा लागत नाही. मेलेला कॅमेरा उठतो. तो का उठतो, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे. कारण हा प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. संगणक जन्माला आला त्याच दिवशी तो जन्माला आला आहे.

विरजणाचा पेच

दही लावायला दही लागते. घरातले सगळे दही संपले, तर दूध कितीही तापवून ठेवा, हवे तसे दही होत नाही. मग वाटी घेऊन शेजारी जावे लागते. म्हणून जाणती गृहिणी चमचाभर दही बाजूला काढून ठेवते आणि त्याला कुणाला हात लावू देत नाही.

संगणकाचा पेच तंतोतंत हाच आहे. आज्ञावली वाचून स्मृतीत भरण्याचे काम संगणक करतो. पण ते काम कसे करायचे हे सांगणारीही एक आज्ञावली लागते. ती स्मृतीत कोण भरणार? दही लावायला पहिले दही कुठून आणायचे?

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालवली. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत फिरणाऱ्या ध्वनिलहरींची होती. वीज बंद झाली की सारे विसरायचे. रोज सकाळी संगणक कोरा. यावर डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने तोड काढली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जे पायरीपायरीने फिरणारे स्विच वापरत, त्यांच्या तारांच्या जोडणीतच त्याने ३१ आज्ञा कायमच्या बसवल्या. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि मग त्या कागदी फितीवरील पुढची आज्ञावली वाचून घेत. त्यांना 'आरंभीच्या आज्ञा' असे नाव होते.

या ३१ आज्ञा म्हणजे बाजूला काढलेले विरजण. पुढे अशा तुकड्याला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणू लागले. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणे, असा त्या शब्दाचा गमतीचा अर्थ. आज आपण संगणक 'बूट' करतो म्हणतो, तो शब्द इथून आला.

विणलेली स्मृती

यानंतर आली चुंबकीय कड्यांची स्मृती. फेराइटच्या चिमुकल्या कड्यातून तार ओवायची. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर १, उलट दिशेने झाले तर ०. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली सुरू झालेला टिफरॅक हा आपला संगणक अशाच स्मृतीवर चाले. तिच्यात ४० अंकस्थानांचे २०४८ शब्द मावत. या स्मृतीचा मोठा गुण म्हणजे वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिकते.

चंद्रावर माणूस पाठवताना अमेरिकेने याच कड्यांचा वेगळा उपयोग केला. अपोलो यानातील संगणकाची मुख्य आज्ञावली अक्षरशः विणलेली होती. तार कड्यातून गेली तर १, कड्याच्या बाहेरून गेली तर ०. मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यात स्त्रिया सुईने या तारा ओवत. अशा रीतीने ३६,८६४ शब्दांची आज्ञावली विणून होई. एकदा विणली की ती विजेच्या झटक्याने वा उपकरणातील गोंधळाने पुसली जाणे शक्य नव्हते. याशिवाय बदलता येणारी स्मृती फक्त २०४८ शब्दांची होती.

फेब्रुवारी १९७१मध्ये या विणकामाचा गुण आणि दोष एकाच वेळी दिसला. अपोलो १४चे चांद्रयान उतरण्याच्या तयारीत असताना 'मोहीम सोडा' या बटणाचा खोटा संकेत संगणकाला मिळू लागला. बटणात धातूचा एखादा सुटा कण अडकला असावा. पटलावर टिचकी मारली की संकेत जाई, पुन्हा येई. उतरताना तो आला असता, तर संगणकाने इमानेइतबारे यान परत वर नेले असते. आज्ञावली विणलेली, तेव्हा बदलण्याचा प्रश्नच नाही. एमआयटीतील डॉन आइल्स या तरुणाने काही तासांच्या आत युक्ती शोधली. छोट्या बदलत्या स्मृतीतील एक नोंद अशी फिरवायची, की 'मोहीम सोडण्याचे काम आधीच सुरू आहे' असा संगणकाचा समज व्हावा, म्हणजे तो बटणाकडे पाहणारच नाही. अंतराळवीरांनी साठेक कळा दाबून तो बदल केला आणि यान चंद्रावर उतरले.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवू. जे बदलता येत नाही ते बिघडत नाही. पण त्यात चूक राहिली तर तीही दुरुस्त होत नाही. पुढचा सारा इतिहास या दोहोंमधील ओढाताणीचा आहे.

खिडकी असलेली चिप

१९६७ साली 'डेटामेशन' या नियतकालिकात ॲशर ऑप्लर यांनी एक नवा शब्द वापरला : 'फर्मवेअर'. संगणकाचे यंत्रभाग ते हार्डवेअर, हवी तेव्हा बदलता येणारी आज्ञावली ते सॉफ्टवेअर, आणि यंत्राच्या पोटात बसून त्याला त्याचा स्वभाव देणारी मधली पातळी ते फर्मवेअर. फार कठीण नाही, फार मऊ नाही, असा हा शब्द. आज घड्याळापासून धुलाईयंत्रापर्यंत जिथे चिप आहे तिथे फर्मवेअर आहे.

फर्मवेअर साठवायचे कुठे? १९७१मध्ये इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी एक सुंदर उत्तर दिले. चिपमधील सूक्ष्म वाहक तुकड्याला चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढायचे. जादा विद्युतदाब देऊन त्यावर इलेक्ट्रॉन ढकलायचे. दाब काढला की ते तिथेच कोंडले जातात, कारण बाहेर पडायला वाट नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ० किंवा १ वाचायचा. पुसायचे असेल तर अतिनील किरण टाकायचे. त्या किरणांची ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून निसटतात. म्हणून या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी गोल खिडकी असे. साधी काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. हा धडा वर्गात शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. पहिल्या अशा चिपमध्ये २०४८ बिट, म्हणजे २५६ अक्षरे मावत. जुन्या संगणकांच्या दुरुस्तीत ज्यांचे हात काळे झाले आहेत, त्यांना त्या खिडकीवर चिकटवलेला कागदाचा तुकडा आठवत असेल. उन्हात आठवडाभर उघडी राहिली तर चिप आपोआप कोरी व्हायची.

पुसण्यासाठी चिप काढून दिव्याखाली वीसेक मिनिटे ठेवणे हा खटाटोप होता. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली नवी जात मांडली. हिच्यात इलेक्ट्रॉन विजेनेच बाहेर काढता येत, आणि तेही एकेक अक्षर नव्हे तर मोठा गठ्ठा एका झटक्यात. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना ते पाहून कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि 'फ्लॅश' हे नाव पडले. पुढे कॅमेऱ्याच्याच पोटात हीच चिप बसावी, हा योगायोगच.

पुसणे आणि लिहिणे यांमधली फट

आता मूळ आजाराकडे येऊ. फ्लॅश चिपचा एक स्वभाव आहे. पुसलेल्या जागी सर्वत्र १ असतात. लिहिताना १चा ० करता येतो, पण ०चा १ करता येत नाही. त्यासाठी सगळा गठ्ठा पुसावा लागतो. म्हणजे एक अक्षर बदलायचे तरी आधी पुसायचे आणि मग लिहायचे.

साध्या नेटवर्क कॅमेऱ्यात बहुधा १६ मेगाबाइटची आठ पायांची फ्लॅश चिप असते. ६४ किलोबाइटचा एक गठ्ठा धरला तर २५६ गठ्ठे होतात. नवे फर्मवेअर चढते तेव्हा एकेक गठ्ठा पुसला जातो आणि पुन्हा लिहिला जातो. याला दोनतीन मिनिटे लागतात. शंभराव्या गठ्ठ्याला वीज गेली, तर पहिले ९९ नवे, शंभरावा कोरा आणि उरलेले जुने. नव्या पोथीची अर्धी पाने आणि जुन्या पोथीची अर्धी पाने एकत्र बांधली तर जशी कथा होईल, तशी आज्ञावली.

ही फट किती घातक आहे, हे जगाला २६ एप्रिल १९९९ रोजी कळले. तैवानमधील एका विद्यार्थ्याने १९९८मध्ये लिहिलेला सीआयएच हा विषाणू त्या तारखेला जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तारीख तीच, म्हणून त्याला 'चेर्नोबिल' म्हणू लागले. तो संगणकाच्या हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग तर पुसेच. पण काही प्रकारच्या मदरबोर्डांवर बायॉस या मूळ फर्मवेअरच्या फ्लॅश चिपवरही कचरा लिहून ठेवी. असा संगणक चालू केला तर पडदा काळाच राही. भारतासह आशियातील अनेक देशांना याचा फटका बसला. त्यावर कारागिरांचा एक उपाय होता. दुसऱ्या धडधाकट संगणकाची बायॉस चिप घेऊन यंत्र चालू करायचे, चालू असतानाच ती हलकेच उपटायची, मेलेली चिप तिथे बसवायची आणि तिच्यावर नव्याने लिहायचे. शेजाऱ्याकडून विरजण आणण्याचाच हा प्रकार.

कंपन्यांनीही धडा घेतला. बायॉसमधील एक लहानसा भाग कुलूपबंद ठेवण्याची पद्धत रुळली. बाकी सारे बिघडले तरी तो भाग फ्लॉपी वाचून स्वतःची दुरुस्ती करून घेई. काही मदरबोर्डांवर तर बायॉसच्या दोन चिपा बसवू लागले, एक वापरायची आणि एक राखीव. व्हीलरच्या ३१ आज्ञांची युक्ती पन्नास वर्षांनी पुन्हा नव्याने सापडली होती.

मंगळावरचा रुग्ण

मंगळावर गेलेल्या स्पिरिट या गाडीचे उदाहरण आपल्या कॅमेऱ्याला फार जवळचे आहे. जानेवारी २००४च्या प्रारंभी ती उतरली आणि २१ जानेवारीला अचानक नीट बोलेनाशी झाली. शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की ती पुन्हा पुन्हा स्वतःला बंद-चालू करते आहे. अशी साठावर आवर्तने झाली. रात्रीही झोपत नसल्याने बॅटरी उतरत होती. निदान असे झाले : संगणक शाबूत आहे, पण तो उठताना फ्लॅश स्मृतीतील फाइलींची यादी वाचायला जातो, यादी प्रमाणाबाहेर मोठी झाली आहे आणि तिथे तो कोसळतो. उपाय म्हणून पृथ्वीवरून आज्ञा गेली : 'फ्लॅशकडे पाहू नकोस, तिच्याशिवाय ऊठ.' गाडी उठली. मग फ्लॅश साफ करण्यात आली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती कामाला लागली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी पुढे २०१० सालापर्यंत संदेश पाठवत राहिली.

यातला धडा असा, की पुन्हा पुन्हा उठू पाहणारे यंत्र मेलेले नसते. त्याच्यातला विरजणाचा भाग जिवंत आहे, हेच त्याची धडपड सांगत असते.

कॅमेऱ्याच्या पोटातला संगणक

जुना सीसीटीव्ही कॅमेरा फक्त चित्राचा संकेत तारेवरून पाठवी. त्यात बिघडण्याजोगी आज्ञावलीच नव्हती. १९९६मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट संगणकांच्या जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. हळूहळू कॅमेरा म्हणजे भिंग लावलेला संगणकच झाला. आज त्यात बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते.

तिच्याही आधी उठणारा जो चिमुकला तुकडा, त्याला 'बूटलोडर' म्हणतात. अनेक कॅमेऱ्यांत हे काम यू-बूट ही मुक्त आज्ञावली करते. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी २००० साली वाढवायला घेतलेल्या प्रकल्पाला २००२मध्ये हे नाव मिळाले. चिपच्या अगदी सुरुवातीच्या दोनचार गठ्ठ्यांत ती बसते. नेहमीच्या फर्मवेअरबदलात या गठ्ठ्यांना सहसा हात लावला जात नाही. तिचे काम थोडके : स्मृती जागी करायची, पुढच्या आज्ञावलीची पडताळणी-बेरीज जुळते का पाहायचे, जुळली तर तिच्या हाती कारभार द्यायचा.

आणि जुळली नाही तर? तर शेजाऱ्याला हाक मारायची. या हाकेची रीतही जुनीच आहे. तिला टीएफटीपी म्हणतात. तिचे नियम १९८१ साली एमआयटीच्या कॅरन सोलिन्स यांनी लिहून काढले. त्या वेळी डिस्क नसलेल्या संगणकांना जाळ्यावरून आज्ञावली पुरवायची होती. आणि ती मागणारा तुकडा इतका लहान हवा होता, की तो कायमस्वरूपी चिपमध्ये मावावा. म्हणून नियम अगदी साधे ठेवले. फाइल ५१२ अक्षरांच्या घासांनी पाठवायची. एक घास पोचल्याची पोच आली की पुढचा द्यायचा. ५१२पेक्षा लहान घास आला की जेवण संपले. यात परवलीचा शब्द नाही, यादी नाही, काही नाही. या साधेपणामुळेच आजही मरणासन्न यंत्राला तेवढे बोलता येते.

धाडचा कॅमेरा

बुलढाण्याहून मराठवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ धाड हे गाव आहे. तिथल्या एका शाळेतील विज्ञान शिक्षक आमचे स्नेही आहेत. त्यांच्या फाटकावरचा कॅमेरा फर्मवेअर चढवताना वीज गेल्याने बंद पडला होता. "सर, दुकानदार म्हणतो, आता यात काही राहिलं नाही," असे म्हणत त्यांनी तो पुढे ठेवला. तो उठवताना ज्या क्रमाने गेलो, तो क्रम सर्वांनाच उपयोगी पडेल.

प्रथम फक्त पाहायचे. कॅमेरा नेटवर्कच्या स्विचला जोडला आणि स्विचवरचा त्या जोडणीचा छोटा दिवा निरखला. दिवा लागे, अर्ध्या मिनिटाने विझे, पुन्हा लागे. म्हणजे वीज पोचते, चिप चालते, बूटलोडर उठतो, पुढची आज्ञावली कोसळते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. स्पिरिटचेच दुखणे! दिवा मुळीच लागला नसता, तर आधी वायर, तिचे टोक आणि वीजपुरवठा तपासला असता.

दुसरी पायरी रीसेट बटणाची. ते दहापंधरा सेकंद दाबून धरले की पत्ता, परवलीचा शब्द वगैरे कारखान्यातून निघाले तसे होतात. पण याने फक्त नोंदी पुसल्या जातात. फाटलेली आज्ञावली शिवली जात नाही. इथेही तसेच झाले. बरेच लोक याच पायरीवर निराश होतात.

तिसरी पायरी हाक ऐकण्याची. शाळेच्या जाळ्यापासून वेगळा असा एकच स्विच घेतला. त्याला फक्त कॅमेरा आणि लॅपटॉप जोडला. बूटलोडर ठरावीक पत्त्यावरील शेजाऱ्यालाच हाक मारतो, आणि ठरावीक नावाचीच फाइल मागतो. पत्ता व नाव कंपनीगणिक वेगळे असते, ते तिच्या माहितीपत्रकात पाहावे. लॅपटॉपला तो पत्ता दिला, टीएफटीपीची आज्ञावली चालू केली, नेमक्या त्याच मॉडेलचे फर्मवेअर त्याच नावाने ठेवले आणि मगच कॅमेऱ्याला वीज दिली. हा क्रम महत्त्वाचा, कारण बूटलोडर हाक मारून चारदोन सेकंदच थांबतो. लॅपटॉपचे वायफाय बंद असावे, आणि येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉल तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी. नाहीतर हाक दारात येऊन परत जाते. स्विच मध्ये ठेवण्याचेही कारण आहे. लॅपटॉप थेट जोडला तर कॅमेरा दर वेळी उठताना लॅपटॉपची जोडणी तुटते, आणि ती पुन्हा जुळेपर्यंत हाक मारून होते.

पडद्यावर घास मोजले जाऊ लागले. फाइल पुरी झाल्यावर कॅमेरा काही मिनिटे गप्प होता. या वेळी चिपवर पुसणे आणि लिहिणे चालू असते, म्हणून वायरीला हात लावायचा नाही. लॅपटॉप आणि स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर होते. मग दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. चित्र आले.

हाक आलीच नसती तर चौथी पायरी होती. कॅमेरा उघडून आतल्या फळीवरील तीन टाचण्या शोधायच्या : पाठवणारी, घेणारी आणि जमिनीची. ३.३ व्होल्टचे जोडयंत्र लावले की बूटलोडर काय पुटपुटतो ते लॅपटॉपवर वाचता येते. पडताळणी-बेरीज जुळत नसल्याची ओळ तिथे दिसते. अशा कॅमेऱ्यात ५ व्होल्टचे जोडयंत्र लावले तर चिप खरोखरीच मरू शकते. आणि बूटलोडरच पुसला गेला असेल, तर पाचवी आणि शेवटची पायरी : आठ पायांच्या चिपला चिमटा लावून बाहेरच्या यंत्राने तिच्यावर लिहायचे. त्याआधी चिपवर जे काही उरले आहे त्याची प्रत काढून ठेवायची, कारण त्या कॅमेऱ्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक तिथेच असतो. या दोन पायऱ्या सवयीच्या माणसाने कराव्यात.

कॅमेरा वाचला. पण तो नऊ दिवस बंद होता, हे शाळेत पहिले काही दिवस कुणाच्या लक्षातच आले नव्हते. त्या नऊ दिवसांत फाटकातून कोण आले, कोण गेले, याचे चित्रण कुठेच नव्हते, आणि ते कोणत्याही फाइलने परत येणार नव्हते. सुदैवाने त्या दिवसांत काही विपरीत घडले नाही. दर वेळी दैव असे साथ देईलच असे नाही.

मग बदलायचेच कशाला?

हे ऐकून कुणी म्हणेल, फर्मवेअर बदलूच नये. हा मोह घातक आहे. २०१६ साली मिराय नावाची एक आज्ञावली जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरांत शिरली. तिची युक्ती अगदी ढोबळ होती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-परवलीच्या जोड्या तिने पाठ केल्या होत्या, आणि त्या ती एकेका यंत्रावर लावून पाही. ज्यांनी परवलीचा शब्द बदलला नव्हता, त्यांचे कॅमेरे तिच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डिन या अमेरिकी कंपनीवर एकदम मारा केला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. मिराय फ्लॅशवर लिहीत नसे, केवळ चालू स्मृतीत राही. त्यामुळे कॅमेरा बंद-चालू केला की ती जाई. पण परवलीचा शब्द तोच असेल तर थोड्याच वेळात परत येई. काही यंत्रांत तर तो शब्द फर्मवेअरमध्येच कोरलेला होता. तो फर्मवेअर बदलल्याशिवाय बदलणार कसा? शाळेच्या कॅमेऱ्यात असे कुणी शिरले, तर मुलांच्या रक्षणासाठी लावलेला डोळा परक्याचा होतो.

म्हणून बदल हवाच, पण परतीची वाट राखून. चांगल्या यंत्रांत आता फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवतात. नवी प्रत रिकाम्या जागी लिहायची, ती नीट उठली तरच तिला मुख्य करायची, नाहीतर जुनी आहेच. शिवाय फाइलीवर कंपनीची अंकीय सही असते. सही पटली नाही तर बूटलोडर ती घेत नाही. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ रोजी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या, आणि त्या एप्रिल २०२५पासून लागू झाल्या. त्यांत सही तपासण्याची अपेक्षा आहे. कॅमेरा विकत घेताना शाळेने या अटींची पूर्तता आहे का, हे विचारावे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा विषय सातवी-आठवीच्या मुलांना खेळातून सांगता येतो. फळ्यावर आठ चौकोन आखा आणि प्रत्येकात एकेक सूचना लिहा : उभे राहा, उजवीकडे वळा, दोन पावले चाला, असे. एक मूल 'यंत्र' होऊन त्या क्रमाने पाळते. आता दुसऱ्या मुलाला नव्या आठ सूचना द्या. प्रत्येक चौकोन आधी पुसायचा आणि मग लिहायचा, असा नियम ठेवा. मध्येच टाळी वाजवून 'वीज गेली' म्हणा. यंत्राला पुन्हा पहिल्यापासून चालायला सांगा. वर्ग हसेल, पण मुद्दा कळेल.

मग फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने एक सूचना लिहा, जी कुणीही पुसायची नाही : 'खालच्या सूचना जुळत नसतील तर बाईंकडून नवा कागद मागून घे.' खेळ पुन्हा खेळा. कितीही वेळा वीज घालवा, यंत्र अडणार नाही. ही एक सूचना कुठे लिहावी, ती किती लहान असावी, तीच चुकली तर काय करायचे, यावर मुलांना वाद घालू द्या. १९४९ सालापासून अभियंते याच प्रश्नांवर वाद घालत आले आहेत.

शाळेसाठी काम मात्र छोटेच आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल, पत्ता आणि फर्मवेअरची आवृत्ती एका वहीत लिहावी. त्या मॉडेलचे आज चालू असलेले फर्मवेअर पेनड्राइव्हवर उतरवून ती पेनड्राइव्ह कपाटात ठेवावी. नवे फर्मवेअर आधी एकाच कॅमेऱ्यावर, इन्व्हर्टर चालू असताना, शाळा सुटल्यावर चढवावे. आणि रोज सकाळी हजेरीबरोबर सगळी चित्रे येताहेत ना, हे कुणीतरी एकदा पाहावे. त्यासाठी संगणकशास्त्र लागत नाही. दही संपण्याआधी चमचाभर बाजूला काढायची जी शिस्त, तीच इथे पुरते.